नोकरी सांभाळून विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी: खान्देशातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, भुसावळचे विद्युत इंजिनांचे शेड, भुसावळ व वरणगावच्या आयुध निर्माण्या, जळगावच्या एमआयडीसीतील डाळ मिल आणि पाइप-चटईचे कारखाने, साक्री तालुक्यातील पवनचक्क्या व सौर प्रकल्प आणि तिन्ही जिल्ह्यांत पसरलेली महावितरणची उपकेंद्रे, अशा असंख्य ठिकाणी खान्देशातील माणसे रोज विजेशी संबंधित काम करतात. त्यांतील अनेकांचे शिक्षण आयटीआय किंवा पदविकेपाशी थांबलेले असते. हात तयार असतो, परंतु वरच्या पदासाठी लागणारे प्रमाणपत्र नसते, आणि घर चालवायचे असल्यामुळे नोकरी सोडता येत नाही. अशा नोकरदार विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

अर्धवेळ शिक्षण आणि पत्राद्वारे शिक्षण यांत काय फरक आहे?

हा फरक सर्वांत आधी समजून घ्यावा, कारण याच ठिकाणी लोकांची फसवणूक होते. अर्धवेळ शिक्षणात विद्यार्थी प्रत्यक्ष महाविद्यालयात जातो. तासिका संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी किंवा कामाच्या वेळेशी जुळवून घेतलेल्या असतात, आणि प्रयोगशाळा, सत्रकार्य, लेखी व तोंडी परीक्षा हे सर्व पूर्णवेळ विद्यार्थ्याप्रमाणेच पार पाडावे लागते. पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या अभियांत्रिकी पदवीची गोष्ट अगदी वेगळी आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, आणि त्यामुळे देशभरातील हजारो नोकरदारांच्या पदव्या व त्या पदव्यांवर मिळालेल्या बढत्या अडचणीत आल्या. म्हणून ‘घरबसल्या बी. ई., फक्त परीक्षेला या’ अशी जाहिरात करणाऱ्या केंद्राला एक रुपयाही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सध्या मान्य असलेला मार्ग अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून नोकरदारांसाठी खुला केलेला आहे. या योजनेत परिषदेची परवानगी मिळालेली महाविद्यालये नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदविका व पदवीचे वर्ग चालवू शकतात. अभ्यासक्रम तोच असतो आणि क्रेडिटही तितकेच असतात. सवलत वेळेची असते, विषयांची नव्हे.

खान्देशात असे वर्ग कोठे चालतात?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत, जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि बांभोरी, भुसावळ, फैजपूर, धुळे, शिरपूर येथे खासगी संस्थांची अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मात्र महाविद्यालय आहे म्हणजे तेथे नोकरदारांचा वर्ग आहे, असे मुळीच नाही. ही परवानगी शाखेनुसार आणि शैक्षणिक वर्षानुसार तपासावी लागते; एखाद्या संस्थेत स्थापत्य शाखेला परवानगी असते आणि विद्युत शाखेला नसते. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाचे मंजुरीपत्र कार्यालयात मागून पाहावे, त्यावर आपल्या शाखेचे नाव व नोकरदारांसाठीच्या जागा आहेत का ते वाचावे, आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरील प्रवेशसूचनेशी ते ताडून पाहावे. हे पत्र दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेथे प्रवेशाचा विचार सोडून द्यावा.

प्रवेशासाठी पात्रता काय लागते?

पदविकेच्या पहिल्या वर्षाला दहावी उत्तीर्ण विद्यार्थी प्रवेश घेतात. दोन वर्षांचा आयटीआय किंवा विज्ञान शाखेची बारावी झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदवीसाठी, पदविका झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश असतो. नोकरदारांच्या वर्गाला याशिवाय दोन गोष्टी लागतात: नोंदणीकृत आस्थापनेत किमान १ वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव, आणि कामाचे ठिकाण महाविद्यालयापासून परिषदेने ठरवून दिलेल्या अंतराच्या आत असणे.

यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द आपल्या भागात फार महत्त्वाचा ठरतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या, परंतु पगार हातात रोख घेणाऱ्या कारागिराकडे अनुभव भरपूर असतो आणि त्याचा लेखी पुरावा मात्र काहीच नसतो. अशा वेळी दुकानमालकाने उद्यम नोंदणी केलेली असावी, पगार बँकेत जमा व्हावा आणि नेमणुकीचे पत्र मिळावे, ही तजवीज प्रवेशाच्या वर्षभर आधीपासून करून ठेवावी लागते. प्रवेशाच्या आठवड्यात तयार केलेला अनुभवाचा दाखला छाननीत टिकत नाही.

मी विद्युत शाखा घ्यावी की इलेक्ट्रॉनिक्स?

आपण आज काय काम करता आणि पाच वर्षांनी काय करू इच्छिता, या दोन्हींचा विचार करून हा निर्णय घ्यावा. उपकेंद्र, रोहित्र, वाहिन्या, मोटारी, वीजनिर्मिती यांच्याशी संबंध असेल तर विद्युत शाखा सरळ उपयोगी पडते. महावितरण व महापारेषणमधील अभियंता पदांच्या जाहिरातींत विद्युत शाखेची पदविका किंवा पदवी मागितलेली असते. नियंत्रण यंत्रणा, मापन उपकरणे, संदेशवहन, सर्किट दुरुस्ती यांकडे ओढा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे.

तरीही या दोन शाखांमधील भिंत आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही, आणि हे खान्देशातच डोळ्यांनी पाहता येते. भुसावळहून धावणारी विद्युत इंजिने वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा एकफेज प्रवाह घेतात, पण आजच्या नव्या इंजिनांत तो रूपांतरित होऊन त्रिफेज मोटारींना मिळतो, आणि हे रूपांतर अर्धवाहक उपकरणांनी होते. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सौर पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते आणि इन्व्हर्टरशिवाय ती ग्रिडला जोडताच येत नाही. जळगावच्या पाइप कारखान्यातील एक्स्ट्रूडर मोटारीला व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) असतो, हीटरला तापमान नियंत्रक असतो आणि सगळ्यांवर पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) असतो. शेतातील सौर कृषिपंपाचा कंट्रोलर हाही पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचाच, म्हणजे अर्धवाहक उपकरणांनी वीज रूपांतरित करण्याच्या तंत्राचाच, भाग आहे. त्यामुळे विद्युत शाखा घेणाऱ्याने पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता करू नये, आणि इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्याने विद्युत यंत्रांकडे पाठ फिरवू नये. निवड करताना फारच संभ्रम असेल, तर आपल्या भागातील नोकऱ्यांचा विचार करता विद्युत शाखेला आम्ही किंचित झुकते माप देऊ.

शाळा सुटून बरीच वर्षे झाली. गणित जमेल का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो रास्त आहे. अर्धवेळ शिक्षण मध्येच सोडणारे बहुतेक विद्यार्थी विजेच्या विषयांमुळे नव्हे तर गणितामुळे सोडतात. थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यासमोर कलनशास्त्र, संमिश्र संख्या, अवकल समीकरणे आणि पुढे लाप्लास रूपांतर असा डोंगर एकदम उभा राहतो, आणि पहिल्या वर्षातील पाया त्याने एक तर घेतलेलाच नसतो किंवा तो विसरलेला असतो.

परंतु हे गणित आपल्या कामापासून दूर नाही, हे एका उदाहरणाने दाखवता येईल. आपल्याकडचा प्रत्येक वायरमन जाणतो की त्रिफेज मोटार एका एचपीला साधारण दीड अँपिअर घेते. म्हणजे ५ एचपीच्या पंपाला साडेसात अँपिअर. हा आडाखा येतो कोठून? ५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट. मोटारीची कार्यक्षमता ८४ टक्के आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८२ धरला, तर ३,७३० ला वर्गमूळ ३, ४१५ व्होल्ट, ०.८४ आणि ०.८२ यांच्या गुणाकाराने भागले की उत्तर सुमारे ७.५ अँपिअर येते. आता रात्रीच्या पाळीत थ्री फेज आली, एकाच डीपीवरील (गावातील वितरण रोहित्रावरील) सगळे पंप एकदम सुरू झाले आणि केळीच्या मळ्यातील शेवटच्या खांबावर दाब ३४० व्होल्टपर्यंत उतरला, असे समजा. पाणी तितकेच उचलायचे असल्यामुळे मोटार तितकीच शक्ती मागते, आणि त्याच सूत्राने प्रवाह सुमारे ९.२ अँपिअर होतो. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ दीडपट होते. दुसरीकडे, मोटारीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून तो मूळच्या सुमारे दोन-तृतीयांशच उरतो आणि मोटार सुरू होतानाच अडखळते. अशा वेळी ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारे उपकरण) वारंवार पडतो, शेतकरी वैतागून रिलेची सेटिंग वाढवायला सांगतो, आणि आठ दिवसांत मोटार रिवाइंडिंगला येते. कॉइल जळाली हे कारागिराला वासावरून कळते. ती का जळाली आणि पुन्हा जळू नये म्हणून रिले नेमका किती अँपिअरवर ठेवावा, किंवा दोष मोटारीचा नसून वाहिनीचा आहे हे कसे सिद्ध करावे, हे या गणितावरून कळते. आमच्या मते अर्धवेळ शिक्षणाचे खरे मोल येथेच आहे: वर्गात शिकवले जाणारे समीकरण ज्या यंत्राविषयी असते, ते यंत्र नोकरदार विद्यार्थ्याने सकाळीच हाताळलेले असते.

प्रवेशापूर्वी निदान तीन महिने त्रिकोणमिती, घातांक, लॉगरिदम आणि साधे विकलन-संकलन यांची उजळणी करावी. संमिश्र संख्यांना स्वतंत्र वेळ द्यावा, कारण प्रत्यावर्ती प्रवाहाची जवळपास सर्व आकडेमोड त्यांच्यावर उभी आहे. स्वयम् आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. शेजारच्या बारावी विज्ञानाच्या मुलाकडून शिकण्यातही संकोच बाळगू नये.

सर्व शिक्षण इंग्रजीत असते का?

पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका प्रामुख्याने इंग्रजीत असतात. पदविकेसाठी मात्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक माध्यमाचा पर्याय दिलेला आहे. तो आपल्या संस्थेत आहे का, हे विचारून घ्यावे. अहिराणी, तावडी किंवा लेवा बोलीत वाढलेल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्ये जड जातात, पण तांत्रिक शब्द त्याला आधीच येत असतात, कारण कामावर तो ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, अर्थिंग, न्यूट्रल हेच शब्द वापरतो. अडचण परीक्षेत पूर्ण वाक्यांत उत्तर लिहिण्याची असते. आकृती, नामनिर्देश, सूत्र आणि छोटी वाक्ये या क्रमाने उत्तर लिहिण्याचा सराव केला, तर ती बऱ्याच अंशी दूर होते.

पाळीची नोकरी आणि तासिका यांचा मेळ कसा घालावा?

वीज केंद्र, रेल्वे आणि कारखाने येथे पाळ्या फिरत्या असतात, आणि उपस्थितीची अट सामान्यतः ७५ टक्क्यांची असते. दर तिसऱ्या आठवड्याला दुपार-रात्रीची पाळी आली, तर संध्याकाळचे तास तेवढ्याने बुडतात आणि वर्षाअखेरीस परीक्षेचा अर्ज अडकतो. त्यामुळे प्रवेश घेण्याआधीच कार्यालयाकडून लेखी ना-हरकत घ्यावी, आणि त्यात शिक्षण घेण्यास हरकत नाही एवढेच न लिहिता पाळी बदलून देण्याविषयी काय ठरले तेही नमूद करून घ्यावे. तोंडी शब्द देणारा अधिकारी बदलून गेला की नव्याला त्यातले काही ठाऊक नसते. सहकाऱ्याशी पाळीची अदलाबदल करायची असेल, तर त्याच्या सणासुदीला आपण उभे राहावे, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत तो आपल्यासाठी उभा राहतो.

प्रवासाचा हिशेबही वास्तववादी असावा. मुख्य रेल्वेमार्गावरील पाचोरा, चाळीसगाव, भुसावळ किंवा सुरत मार्गावरील अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार येथे राहणाऱ्यांना गाडीची सोय असते. चोपडा, यावल किंवा शहाद्याकडच्यांना एसटीवर अवलंबून राहावे लागते, आणि रात्रीचा तास सुटल्यावर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, यावर संपूर्ण योजना अवलंबून असते. उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास येतात, तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. दिवसभर यार्डात किंवा खांबावर काम करून रात्री अभ्यास होईल, असे गृहीत धरू नये. पहाटेची वेळ राखावी आणि शक्य असेल तर परीक्षेसाठी अर्जित रजा वर्षभर वाचवून ठेवावी. शेती असलेल्या घरांत कापूस वेचणी आणि हिवाळी परीक्षा यांची गाठ पडते, तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून घेणे हिताचे असते.

मी रोज प्रत्यक्ष काम करतो. मग प्रात्यक्षिके कशासाठी?

कारण कामावर यंत्र चालू ठेवणे हे उद्दिष्ट असते आणि प्रयोगशाळेत यंत्र समजून घेणे. रोहित्रावरील ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट चाचण्यांतून गाभ्यातील आणि तांब्याच्या वेटोळ्यांतील ऱ्हास (वाया जाणारी शक्ती) वेगळे काढता येतात. डीपी बसवणाऱ्याला ही मोजणी कामावर करायला कधीच मिळत नाही. अनुभवी विद्यार्थ्यांना एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. चालू लाइनवर हात घालण्याची सवय प्रयोगशाळेत आणू नये, आणि खरे तर ती कामावरही सोडावी. पुरवठा बंद करणे, तो बंद असल्याची टेस्टरने नव्हे तर योग्य उपकरणाने खात्री करणे आणि अर्थिंग रॉड लावणे, या क्रमाला अनुभवाचा पर्याय नाही. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत लाइनवर जीव गमावलेल्या कर्मचाऱ्यांची घरे आहेत, आणि त्यांतील कित्येक जण नवशिके नव्हते.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कामाचा अनुभव वापरता येईल का?

अवश्य वापरावा. बाजारातून तयार मॉडेल विकत आणून सादर करण्याची प्रथा आहे, ती नोकरदार विद्यार्थ्याने पाळण्याचे काहीच कारण नाही. आपल्या डाळ मिलच्या मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांवरून पॉवर फॅक्टरचा अभ्यास करून किती केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेचा कपॅसिटर बसवावा हे काढणे, गावातील एका डीपीच्या तिन्ही फेजवरील भार मोजून असमतोल व न्यूट्रलमधील प्रवाह दाखवणे, सौर कृषिपंपाचे पाणी दिवसाच्या कोणत्या तासाला किती निघते याची नोंद ठेवणे, असे विषय साधे दिसतात, पण त्यांत खरी मोजमापे असतात. माहिती कारखान्याची असेल तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी.

नोकरी करणाऱ्या महिलांना हा मार्ग सोयीचा आहे का?

शिक्षण म्हणून निश्चितच आहे. उपकेंद्रांत, चाचणी विभागांत आणि नियंत्रण कक्षांत महिला आज काम करत आहेत. अडचण येते ती बहुधा रात्रीच्या परतीची आणि घरातील कामाच्या वाटणीची. शनिवार-रविवारच्या तासिका असलेला वर्ग मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे, आणि एकाच मार्गावरच्या दोघी-तिघींनी मिळून प्रवेश घेतल्यास फार आधार होतो.

एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेची परीक्षा) करून अभियंता होता येते ना?

जुन्या पिढीतील अनेक कर्तबगार अभियंते याच मार्गाने पुढे आले, म्हणून घरातील वडीलधारे आजही तो सुचवतात. परंतु ३१ मे २०१३ नंतर नोंदणी केलेल्यांच्या प्रमाणपत्राला केंद्र सरकारची पदवीशी समकक्षता पूर्वीसारखी राहिलेली नाही. बढतीसाठी किंवा सरकारी भरतीसाठी पदवी हवी असेल, तर आज या मार्गावर विसंबू नये.

पदविका किंवा पदवी मिळाली की विद्युत कंत्राटे घेता येतात का?

तेवढ्यावर नाही. विद्युत पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती ही राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागतात.

शुल्काचे आणि शिष्यवृत्तीचे काय?

पूर्णवेळ विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शुल्क सवलती नोकरदारांच्या वर्गाला लागू आहेतच, असे गृहीत धरू नये. संपूर्ण कालावधीचे शुल्क, परीक्षा शुल्क आणि विकास निधी यांचे लेखी विवरण मागावे. काही आस्थापना कर्मचाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च परत देतात. आपल्या सेवा नियमांत तशी तरतूद असल्यास प्रवेशाच्या आधी मंजुरी घ्यावी, कारण नंतर केलेला अर्ज बहुधा फेटाळला जातो.

हा मार्ग कोणी घेऊ नये?

ज्यांची बदली वर्षभरात होणार हे निश्चित आहे, ज्यांच्या घरी तान्हे मूल किंवा गंभीर आजारी व्यक्ती आहे आणि मदतीला कोणी नाही, किंवा ज्यांना केवळ नावापुढे पदवी हवी आहे, त्यांनी सध्या थांबावे. वय हे कारण मात्र होऊ शकत नाही. चाळिशीतील माणूस गणितात तरुणापेक्षा सावकाश चालतो, पण यंत्रांच्या विषयांत तो इतका पुढे असतो की वर्गातील तरुण त्याच्याभोवती वह्या घेऊन बसतात.

अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन काय पाहावे?

कार्यालयातील माहितीपत्रकापेक्षा यंत्रशाळा पाहावी, आणि ती संध्याकाळी, वर्गाच्या वेळेत पाहावी. विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेत दिवे लागलेले आहेत का, मोटार-जनित्र संच चालू स्थितीत आहेत का, अॅमीटर व वॅटमीटर पुरेसे आहेत का, आणि त्या वेळी प्रयोगशाळा सहायक हजर असतो का, हे पाहावे. काही ठिकाणी दिवसाच्या वर्गाला सर्व सुविधा असतात आणि संध्याकाळी कुलूप लागलेले असते. त्यानंतर सध्या शिकणाऱ्या एखाद्या नोकरदार विद्यार्थ्याला फाटकाबाहेर गाठून मागील सत्रातील प्रात्यक्षिकांची त्याची वही पाहायला मागावी. वहीतील निरीक्षणे त्याने स्वतः मोजून लिहिली आहेत की सर्वांच्या वह्यांत तेच आकडे आहेत, हे विजेचे काम करणाऱ्याच्या नजरेला लगेच कळते.